परका हात

गाडी गॅरेजसमोर थांबली की बाकीचे मिस्त्री आधी तिचं तोंड उघडतात. आमचे मिस्त्री पाठीमागं जायचे. गुडघ्यावर हात टेकून उकिडवे बसायचे. मागच्या चाकांच्या मधोमध जो मोठा लोखंडी गोळा असतो त्यावर तळवा ठेवायचे आणि दावणीची म्हैस चाचपावी तसा तो चाचपायचे. मग त्या गोळ्याच्या नटांवरून त्यांचा अंगठा फिरायचा. अंगठा एखाद्या नटावर थांबला की ड्रायव्हर दुसरीकडे बघायला लागायचा.

"ह्याला परका हात लागलाय," मिस्त्री म्हणायचे.

"न्हाई मिस्त्री, ते जरा तुळजापूरच्या पुढं आवाज यायला लागला म्हणून..."

"मग तिकडंच न्यायची. हितं कावून आणली?"

एवढं बोलून काम मात्र करायचे, आणि मनापासून करायचे. पण त्या दिवशी त्या ड्रायव्हरचा चहा घ्यायचे नाहीत. चहाचा ग्लास तिथंच टूलबॉक्सवर गार व्हायचा, वर साय धरायची. मांजरसुंब्याच्या चौकात ही शिक्षा सगळ्यांना ठाऊक होती. दंड परवडला, पण तो गार झालेला चहा नको, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे.

तुम्ही त्या चौकातून नेकनूरकडे कधी वळला असाल तर ढाब्यांची रांग संपल्यावर उजव्या हाताला पत्र्याचं ते शेड पाहिलं असेल. पाटी नव्हती. पाटीची गरज नव्हती. "मिस्त्रीकडं" म्हटलं की पत्ता पुरा व्हायचा.

पुढचं वाचण्याआधी एक सांगून टाकतो. मला या माणसाचा हेवा वाटायचा. हेवा हा शब्दही जरा सभ्य झाला. जळायचो मी. आणि ज्याच्यावर जळायचो त्याच्यामुळंच मी शिकलो, हे मला जळतानाही ठाऊक असायचं.

माझे वडील ट्रक चालवतात. स्वतःची एकच गाडी, दहा टायरची. आमच्या घरात कुठलीही गोष्ट ठरायची ती "मिस्त्रीला विचारून." टायर कुठले घ्यायचे, हे मिस्त्रीला विचारणं मी समजू शकतो. पण बहिणीला आलेलं स्थळ, घरावर स्लॅब टाकायचा की पत्रे, बोअर कुठं घ्यायचा, सगळंच मिस्त्रीला विचारून. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "तुज्या बापाचं लगीन माज्यासंगं झालं, पर संसार मिस्त्रीसंगं चाललाय." हे ती हसून म्हणायची. मला हसू यायचं नाही.

बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला घालायचं, हेही मिस्त्रींनीच ठरवलं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. प्रवेशाच्या दिवशी वडिलांबरोबर मिस्त्रीही आले. पांढरा शर्ट इस्त्री केलेला, नखांतलं काळं मात्र निघालेलं नव्हतं. फीची पावती, जातीचा दाखला, सगळं वडील बघत होते. मिस्त्रींनी तिथल्या सरांना एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडं इंजिन हाय का?" सरांनी कौतुकानं प्रयोगशाळेत नेलं. तिथं एक इंजिन अर्धं कापून लाल-पिवळ्या रंगात रंगवून ठेवलं होतं. मिस्त्रींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"मेल्यालं हाय," ते वडिलांना हळूच म्हणाले. "पर शिकाया बरं हाय. घाला ह्याला हितं."

चार वर्षांनी निकाल लागला. मी बीडहून वडिलांना फोन लावला. ते अर्थातच गॅरेजवर होते. "आण्णा, पास झालो. पहिल्या वर्गात," मी म्हणालो. पलीकडं वडील फोन कानाला तसाच धरून ओरडले, "मिस्त्री, तुमचं पोरगं पास झालं."

तुमचं पोरगं. मी फोन ठेवला आणि स्टँडवरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. आनंदाच्या दिवशी इतका राग येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढं मी बीडला एका वर्कशॉपात नोकरीला लागलो. जड वाहनांच्या दुरुस्तीचंच काम. कॉम्प्युटर, मोजमापाची साधनं, कंपन्यांची जाडजूड पुस्तकं, सगळं हाताशी. लोक मला "सर" म्हणू लागले. वडिलांची गाडी मात्र माझ्या वर्कशॉपच्या फाटकासमोरून मांजरसुंब्याला जायची. जाताना हॉर्न द्यायची, एवढंच.

फक्त एकदा तसं झालं नाही.

वडील कांदा घेऊन हैदराबादला निघाले होते. कर्नाटकात हुमनाबादच्या अलीकडं मागच्या गोळ्यातून कडाड असा आवाज आला आणि गाडी जागेवर बसली. त्या गोळ्याला आमच्याकडं हाउसिंग म्हणतात. इंजिनाची ताकद शाफ्टमधून तिथं येते आणि तिथल्या दोन दातेरी चक्रांतून चाकांना मिळते. त्या चक्रांचे दात तुटले होते. मिस्त्री तेव्हा पुतणीच्या लग्नात होते आणि कांदा थांबणार नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांनी गाडीसाठी मला फोन केला.

"काय करू रं?" ते म्हणाले.

हे तीन शब्द मी किती वर्षं ऐकायला थांबलो होतो, ते मलाच तेव्हा कळलं. मी सोलापूरच्या भंगार बाजारातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, चक्रांची चांगली जोडी शोधली, टेम्पोतून तिकडं पाठवली आणि दुसरा मिस्त्रीही गाठून दिला. नुसती जोडी पाठवली नाही, विचार करून पाठवली. आमच्या गाडीला मिस्त्रींनी फार पूर्वी बसवलेली जोडी ओढीची होती. शाफ्ट जवळजवळ सात वेळा फिरे तेव्हा चाक एकदा फिरायचं. घाटात उत्तम, पण वडील आता बहुतेक सपाट हायवेला असायचे आणि तिथं गाडी उगाच तेल पीत कण्हत चालायची. मी निवडली ती सहाच्या आतली. ओढ थोडी कमी, पण पळायला हलकी. इंजिन दमदार होतं, त्याला हे सहज पेलणार होतं. हिशेब मी कागदावर दोनदा तपासला होता.

गाडी खरंच छान पळू लागली. तेलही कमी लागू लागलं. वडील घरी आले तेव्हा मी वाट बघत होतो.

"गाडी लई मोकळी पळाया लागली," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर मिस्त्रीला बोलू नको हां."

नंतर मी पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. अंगणात वडील गाडीखाली शिरले होते आणि हाउसिंगच्या नटांना जळकं ऑइल चोपडून वरून चिमटीनं माती लावत होते. नट जुने दिसावेत, अंगठा फिरला तरी कळू नये म्हणून. पुढं त्या हाउसिंगचं ऑइलही ते चोरून केजला बदलून आणायचे. माझ्या पदवीचं आमच्या घरच्या गाडीत जे एकमेव काम होतं, त्याच्यावर माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं माती चोपडली.

यानंतर वर्ष-दीड वर्षानं गाडीचं इंजिन गेलं. आतला एक दांडा तुटून बाहेर आला आणि त्यानं इंजिनाच्या अंगाला, ब्लॉकला, मुठीएवढी खिडकी पाडली. दुरुस्तीचा प्रश्न नव्हता, दुसरं इंजिन घालणं आलं. गाडी टो करून मिस्त्रींकडं नेली. मी रजा टाकून गेलो. मला वाटलं होतं, निदान या वेळी दोघं मिळून बसतील, मला विचारतील.

दुसरं इंजिन निवडणं म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत सोयरीक. "पोरगं धट्टंकट्टं हाय एवढ्यावर जमत न्हाई," ते म्हणायचे. "घरात म्हाताऱ्या माणसाला झेपंल का बघावं लागतंय." म्हातारं माणूस म्हणजे आमचा गिअरबॉक्स. आणि या दोघांच्या मध्ये बसणारा क्लच म्हणजे मध्यस्थ. "सोयरीक चुकली की पैल्यांदा जळतो तो मध्यस्थ," असं ते गंभीरपणे सांगायचे आणि ऐकणारे ड्रायव्हर आपापले मध्यस्थ आठवून हसायचे.

त्या दिवशीही ते आधी गाडीमागं गेले. हाउसिंगवर तळवा ठेवला. मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत होतो. पण अंगठा नटांवर फिरला नाही. त्यांनी मान वर करून वडिलांना विचारलं.

"डायव्हर, आपलीच हाय न्हवं जोडी? मी बसवल्याली?"

इतरांच्या नटांवर ते अंगठा फिरवत. वडिलांना विचारत. एवढा त्यांचा विश्वास होता.

वडिलांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तीच की मिस्त्री," ते म्हणाले. "दुसरी कुठली असणार?"

मिस्त्रींनी तळवा उचलला आणि पायजम्याला पुसला. झालं. दोन इंजिनं मिळत होती. एक नवं, आधीच्याहून जोरकस. दुसरं जुन्या बनावटीचं, ताकदीनं कमी पण ठणठणीत. वडिलांचं मन जोरकस इंजिनावर होतं. मिस्त्री म्हणाले, "नको. म्हाताऱ्याचे दात पडतील. मागं सातची जोडी हाय, कमी ताकदीचं इंजिन बी घाट चढंल. जे कमी पडंल ते मागनं भरून निघंल."

मी घरी येऊन तीच आकडेमोड केली. गिअरबॉक्स किती ताण सोसेल, घाटात किती ओढ लागेल, भरल्या गाडीला किती. त्यांचं उत्तर अगदी बरोबर होतं. कॉलेजात गेले असते तर सरांनी पाठ थोपटली असती. त्यात फक्त एक आकडा खोटा होता आणि तो आमच्या घरातून गेला होता. मागं सात नव्हते, सहाच्या आत होते. कमी ताकदीचं इंजिन आणि माझी हलकी जोडी, म्हणजे भरली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणं कठीण.

मला हे सगळं पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. मी बोललो नाही.

वडील बोलले नाहीत ते समजण्यासारखं आहे. त्यांना वाटत होतं, जोडी ती जोडी, इंजिनाशी तिचा काय संबंध. मी कशाला गप्प बसलो? "दुसरी कुठली असणार" हे वाक्य माझ्या तोंडावर बोललं गेलं होतं. आता होऊ दे एकदा यांची चूक, असं मला वाटत होतं. सगळ्या चौकासमोर होऊ दे. मग आण्णा माझ्याकडं वळतील. खोटं कशाला लिहू, त्या दिवसांत मी मिस्त्रींच्या हातांकडं बघत असे आणि आतून गोड गोड वाटत असे. ते फ्लायव्हीलचं तोंड जुळवत होते, क्लचप्लेटचे दात शाफ्टवर सरकवून बघत होते, इंजिनाचे पाय बसेनात म्हणून पट्ट्या कापून नवे कान जोडत होते. कमरेत वाकून वाकून त्यांची सावलीसुद्धा वाकडी वाटायची. माझ्याकडं बघून म्हणायचे, "इंजिनेर, चुकत असंल तर सांगा बरं का." आणि मी म्हणायचो, "तुमचं काय चुकणार मिस्त्री." वडिलांनी माझ्याकडं काम दिलं होतं ते आरटीओत नव्या इंजिनाचा नंबर चढवून आणायचं. कागदाचं काम. ते मी चोख केलं.

रिकामी गाडी झकास चालली. वडील खूश झाले. मिस्त्री नव्हते झाले. "रिकामी गाडी खोटं बोलती," ते म्हणाले. "भरून आणा."

युसूफ वडगावहून सोयाबीनची पोती भरली. मिस्त्रींची चाचणी ठरलेली होती. मांजरसुंब्याहून बीडकडं घाट उतरायचा, पालीला गाडी वळवायची आणि चढून यायचं. निम्म्या घाटात, वळणावर, गाडी मुद्दाम थांबवायची आणि पुन्हा उचलायची. "चालती गाडी कुणीबी चढवतंय. थांबलेली उचलली तर खरं," असं त्यांचं म्हणणं.

केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. वडील चालवत होते, मिस्त्री मधे, मी खिडकीशी. पालीला वळून चढ लागला. इंजिनाचा आवाज लगेच जड झाला. मिस्त्रींनी मान थोडी तिरकी केली. "दम लवकर लागला," ते स्वतःशीच म्हणाले. पण तोवर पुढं ते वळण आलं. चढ चांगला तीव्र, एका अंगाला दरी.

"हां डायव्हर, हितं थांबव."

मी आरशात बघितलं. आमच्या मागं चिकटून एसटी येत होती. भरलेली. टपाच्या खाली दारात दोन माणसं लोंबकळत उभी. आमची गाडी उचलली नाही आणि मागं सरकली तर आधी ती एसटी होती. मी इतके दिवस आमच्या तिघांचाच हिशेब मांडत आलो होतो. त्या माणसांचा त्यात कुठं उल्लेख नव्हता.

"आण्णा, थांबवू नका," मी म्हणालो. "हाउसिंग ते नाही. जोडी बदललेली आहे. उचलणार नाही गाडी."

वडिलांचा पाय ब्रेकच्या वर तसाच तरंगत राहिला. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, मग वडिलांकडं. मग समोर रस्त्याकडं.

"चालव," ते शांतपणे म्हणाले. "पैल्यातच ऱ्हाऊ दे. गिअरला हात लावू नको."

वर पोचेपर्यंत गाडी पहिल्या गिअरात कण्हत राहिली. क्लचचा जळका वास आमच्यात येऊन बसला होता.

शेडसमोर सपाटीला गाडी उभी राहिली. मिस्त्री उतरले, जॅक घेतला, मागचं एका बाजूचं चाक अधांतरी उचललं. खडूनं टायरवर एक रेघ ओढली, शाफ्टवर एक. एकच बाजू उचलली तर चाकाचे दोन फेरे मोजायचे असतात. हे मला कॉलेजात तिसऱ्या वर्षी कळलं, त्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे. चाक त्यांनी दोनदा फिरवलं. शाफ्टवरची रेघ आम्ही तिघंही बघत होतो. चार. पाच. सहावी पुरी व्हायच्या आत थांबली.

मिस्त्री तसेच उकिडवे बसून राहिले.

"कुणी निवडली?" त्यांनी विचारलं.

वडील खाली मान घालून उभे होते. "मी," मी म्हणालो.

"हायवेसाठी?"

"हो."

"चांगली निवडली." ते उठले. गुडघा कट्कन वाजला. "मग इंजिन चुकलं माजं."

वडिलांनी चहा मागवला. मला वाटलं होतं तसा ग्लास टूलबॉक्सवर गार झाला. वडील त्या ग्लासाकडं असे बघत होते, जसं काही त्यात त्यांचं सगळं आयुष्य बुडालं होतं. शेवटी ते लघवीच्या निमित्तानं शेडमागं गेले. डोळे पुसायला गेले होते, हे आम्हा दोघांनाही कळलं.

तेवढ्यात मिस्त्री माझ्याजवळ आले.

"तुजा बाप माज्या भ्यानं गप बसला," ते म्हणाले. "ते मला कळतंय. चूक माजीच हाय, इतकं भ्यावं असं मी वागाया नको होतं. पर तू कशाला गप बसलास?"

मी टायरवरच्या खडूच्या रेघेकडं बघत राहिलो.

"आज ध्यानात आलं म्हणतोस?"

त्यांनी माझा चेहरा बघितला, नटांवरून अंगठा फिरवताना बघायचे तसा, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. मला तेव्हा वाटलं, आता आण्णा परत आले की हे सांगणार. सांगितलं तर मी कायमचा संपलो.

वडील आले. मिस्त्री म्हणाले, "डायव्हर, पोरगं हुशार हाय तुजं. ऐन वक्ताला ध्यानात आलं त्याच्या. न्हाईतर लई वंगाळ झालं असतं."

आणि त्यांनी तो गार चहा उचलला, सायीसकट प्याला.

पुढचे काही दिवस मी पुन्हा रजेवर होतो. मला वाटलं होतं, मिस्त्री त्यांची सातची जोडी परत घालतील. ते सगळ्यांत सोपं होतं, एका दिवसाचं काम. पण ते म्हणाले, "हाउसिंग ऱ्हाऊ दे. पोराचं काम हाय, अन् खरं काम हाय." त्यांनी स्वतः बसवलेलं इंजिन खाली काढलं. जोरकस इंजिन आणून घातलं. मग म्हाताऱ्याला झेपावं म्हणून गिअरबॉक्स सगळा उघडला, घासलेली चक्रं बदलली, बेअरिंगं नवी घातली, मोठा क्लच बसवला. या वेळी प्रत्येक आकडा मला विचारून. "किती ताण येतोय बगा, इंजिनेर." मी कागदावर मांडायचो, ते मान हलवायचे. ते काम मी आजवर केलेल्या कामांतलं सगळ्यांत चांगलं काम आहे, आणि निम्मंच माझं आहे.

गाडी भरून त्याच वळणावर थांबवली. हँडब्रेक सोडला तशी ती पुढं निघाली, पाण्यातून म्हैस उठावी तशी संथ.

आता तुम्ही म्हणाल, मग जळणं संपलं असेल. नाही संपलं. चौकात ही गोष्ट पसरली ती अशी, की मिस्त्रींनी आपलं बसवलेलं इंजिन खाली काढलं आणि पोराच्या कामाला हात लावला नाही. केवढं मन त्या माणसाचं. बरोबर मी होतो, चुकले ते होते, तरी मोठे तेच झाले. हे मला जमलं नसतं. जमलं नसतं हेच सगळ्यांत जास्त जळत होतं.

त्यानंतर त्यांनी परक्या हाताचा विषय काढणं सोडलं. अंगठा नटांवर फिरायचा, थांबायचा, पण ते काही म्हणायचे नाहीत. ड्रायव्हर लोकांना उलट चुकल्यासारखं व्हायचं. "मिस्त्री, बोला की कायतरी," असं म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. दहाव्याला आम्ही त्यांच्या गावी गेलो, युसूफ वडगावच्या पुढं. मांडवात सगळे ड्रायव्हर, गॅरेजवाले, भंगारवाले. जो तो आपली आठवण सांगत होता. वडिलांनी घाटातली सांगितली. माझ्या खांद्यावर हात ठेवून, भरल्या मांडवात.

"ह्याच्या ध्यानात आलं म्हणून वाचलो," ते म्हणाले. "न्हाईतर मी अन् मिस्त्री, दोघंबी गेलतो."

माणसं माझ्याकडं बघून मान हलवत होती. हे वाक्य ऐकायला मी लहानपणापासून थांबलो होतो. ते आता आलं, आणि ते खोटं आहे हे माझ्याशिवाय माहीत असलेला एकच माणूस तिथं नव्हता.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. केज मागं पडलं. उन्हं कलायला लागली होती.

"आण्णा," मी म्हणालो, "घाटात मला ते आठवलं नव्हतं."

"मंग?"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्ही 'तीच की' म्हणालात तेव्हापासून. मी मुद्दाम बोललो नाही. त्यांची चूक व्हावी म्हणून."

वडिलांनी गिअर बदलला. पुढं चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला वाव होता, तरी ओलांडलं नाही. मी शिवी ऐकायच्या तयारीत होतो. लहानपणी मारायचे तशी थप्पड बसली असती तरी चाललं असतं.

"मिस्त्रीला कळलं हुतं हे?"

"हो. त्याच दिवशी. तुम्ही शेडमागं गेला होतात."

"अन् मला बोलले न्हाईत."

"नाही."

नेकनूर गेलं. मग पुन्हा म्हणाले, जणू मी तिथं नव्हतोच, "इतकं बसत हुतो संगं. एका शब्दानं बोलले न्हाईत."

माझ्यावर राग नव्हता त्यांचा. माझ्या कबुलीतही त्यांना दुखलं ते मिस्त्रींचंच.

चौक यायच्या आधी त्यांनी गाडी शेडसमोर बाजूला घेतली. हँडब्रेक लावला आणि इंजिन चालू ठेवूनच उतरले. पत्र्याच्या दाराला कुलूप होतं, खाली वाऱ्यानं आलेला पाचोळा साठला होता. वडील त्या दाराच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले, एखाद्या माणसाशी बोलताना उभं राहावं तेवढ्या अंतरावर. केबिनमधून मला त्यांची पाठ आणि गालाची एक बाजू दिसत होती. ओठ हलत होते. काहीतरी सांगत होते, किंवा विचारत होते. मध्येच थांबत होते, पुन्हा बोलत होते.

इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. किल्ली माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी ती फिरवली नाही.